आमिष कुणाचे, हात कुणाचा?



दर पौर्णिमेला विहारात जमून आपण त्रिसरण आणि पंचशील ग्रहण करतो. त्यातले पहिले शील पाणातिपाता वेरमणीचे. प्राणिहत्येपासून मी अलिप्त राहीन, अशी ही प्रतिज्ञा आहे. ती म्हणायला क्षणभर पुरतो. पण ज्याच्या बांधीला लागूनच जंगल सुरू होते अशा गोंदिया जिल्ह्यातल्या माणसाला ही प्रतिज्ञा कुठवर बांधून ठेवते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

गोळी घालणारा मारतो, हे स्पष्ट आहे. कुऱ्हाड उचलणारा मारतो, हेही स्पष्ट आहे. परंतु ज्याने संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर केवळ आमिष ठेवले, फास लावला आणि घरी येऊन जेवून झोपला, त्याचे काय? त्याने काठी उचलली नाही. रात्री जनावर आले ते आपल्या पायाने आले. आपल्या भुकेने आले. मग शील मोडले कुणी? आजच्या लेखात मला तुमच्याबरोबर याच प्रश्नाचा विचार करायचा आहे. प्रश्न लहान दिसतो, पण तो धरून चालत गेलो तर तो आपल्या घरापर्यंत, आपल्या धम्मदीक्षेपर्यंत येऊन पोहोचतो.

प्रथम आमिषाची विद्या काय असते ते पाहू. होय, ती एक विद्याच आहे. अडाणी माणसाचे ते काम नव्हे. प्रत्येक प्राण्याची भूक वेगळी, नाक वेगळे, डोळा वेगळा. कोल्हा, लांडगा, रानकुत्रा हे कुत्र्याच्या कुळातले प्राणी वासावर चालतात. त्यांच्यासाठी कुजके मांस, मासळी, दुसऱ्या जनावराचे मूत्र, असे दूरवर दरवळणारे आमिष निवडले जाते. रानमांजर आणि बिबट हे मांजराच्या कुळातले. त्यांची भिस्त डोळ्यांवर आणि कानांवर अधिक. त्यांच्यासाठी हलणारे, फडफडणारे, आवाज करणारे काही तरी लागते. जिवंत कोंबडी किंवा में-में करणारी शेळी म्हणूनच बांधतात. रानडुकराला धान्य, कंदमुळे आणि मोहफुलाचा वास खेचून आणतो. तितराला दाणाही लागत नाही. पिंजऱ्यात पाळलेला तितर ओरडू लागला की रानातला तितर आपल्या हद्दीत कोण परका आला, हे पाहायला भांडायच्या आवेशात धावत येतो आणि फासात पाय अडकवून घेतो. तेथे भूक नाही, अभिमान हेच आमिष आहे. आणि आपल्या तलावांवर गरीला गांडूळ लावून बसलेला मुलगासुद्धा हीच विद्या जाणतो. कोणता मासा गांडुळावर येतो आणि कोणता कणकेच्या गोळीवर, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवलेले नसते.

जगात इतरत्रही हेच आहे. अमेरिकेत कोयोट नावाचा कोल्ह्यासारखा, पण त्याहून थोराड प्राणी असतो आणि बॉबकॅट नावाचे आखूड शेपटीचे मोठे रानमांजर असते. त्यांची कातडी विकण्यासाठी किंवा मेंढरे वाचवण्यासाठी सापळे लावणारे लोक तेथे आहेत. कोयोटसाठी ते जमिनीत तिरपे बीळ खणतात आणि त्यात सडके मांस टाकतात. एखाद्या दुसऱ्या जनावराने आपले अन्न येथे पुरून ठेवले आहे, असे कोयोटला वाटावे म्हणून. बिळाच्या तोंडाशी मातीखाली लोखंडी सापळा असतो. बॉबकॅटसाठी झाडाच्या फांदीला पिसे किंवा चकाकणारी पट्टी बांधतात. ती वाऱ्यावर हलते आणि मांजर कुतूहलाने जवळ येते. आणि माणसाचा वास लागू नये म्हणून सापळे उकळून घेतात, हातमोजे घालतात.

या शेवटच्या गोष्टीकडे विशेष लक्ष द्या. आमिषाच्या विद्येचे दोन भाग आहेत. सावजाला काय हवे ते ओळखणे, हा पहिला. स्वतःचा वास पुसून टाकणे, हा दुसरा. आमिष ठेवणारा स्वतः दिसता कामा नये. दिसले पाहिजे ते फक्त आमिष.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मी शाळामास्तर आहे. आठवीच्या वर्गात वन्यजीवांचा धडा शिकवताना एका मुलाने मला विचारले, "सर, डुक्कर स्वतःच फासात आलं. त्याला कोणी ओढून आणलं नाही. मग दोष कोणाचा?" मुलगा चेष्टा करत नव्हता. त्याने घरी, पानठेल्यावर, चावडीवर हेच ऐकले असणार. मोठी माणसेसुद्धा हेच समर्थन देतात. म्हणून या समर्थनाची नीट तपासणी केली पाहिजे.

"स्वतः आले" म्हणजे काय? ज्याला पुढे काय आहे हे ठाऊक आहे आणि तरी जो जातो, तो स्वतः गेला असे म्हणता येईल. रानडुकराला मोहफूल दिसते, तार दिसत नाही. त्याच्या भुकेने त्याला मोहफुलापर्यंत आणले हे खरे. पण मोहफूल तेथे कुणी ठेवले? तार कुणी ताणली? त्याच्या भुकेचा उपयोग त्याच्याच विरुद्ध कुणी केला? पाय डुकराचे होते, योजना माणसाची होती. एवढे समजले की त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

उरलेले अर्धे उत्तर तथागतांच्या शिकवणीत आहे. कर्माचे मूळ चेतनेत आहे, हे त्यांनी पुनःपुन्हा सांगितले. मज्झिम निकायातील उपालिसुत्तात काया, वाचा आणि मन यांपैकी कोणाचे कर्म अधिक गंभीर, हा वाद आहे. निगंठांचे म्हणणे कायेचे, तथागतांचे म्हणणे मनाचे. फास लावणारा रात्री झोपलेला असतो, त्याची काया हलत नाही. पण त्याची चेतना शेताच्या धुऱ्यावर जागी असते. विनयपिटकात तर आपला प्रश्न जवळजवळ शब्दशः आला आहे. तिसऱ्या पाराजिकाच्या विवरणात खड्डा खणणाऱ्याचा विचार केला आहे. कुणी तरी पडून मरावे या हेतूने भिक्खूने खड्डा खणला आणि त्यात माणूस पडून मेला, तर तो भिक्खू संघातून गेला. पशू पडून मेला, तरीही दोष आहेच, जरी तो कमी प्रतीचा असला तरी. "मी ढकलले नाही" ही सबब अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेनेही मान्य केली नाही.

आपल्या देशाचा कायदाही हेच म्हणतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार या शब्दाची व्याख्या आहे. ठार मारणे किंवा विष घालणे एवढीच शिकार नव्हे. पकडणे, फास लावणे, सापळा लावणे, हाका करणे आणि आमिष ठेवणे हीसुद्धा शिकार आहे. तसा नुसता प्रयत्न करणे हीसुद्धा शिकार आहे. जनावर आले नाही, फास रिकामा राहिला, तरी गुन्हा घडलेला असतो.

माझ्या मते आमिषात पहिल्याबरोबर आणखी एक शील मोडते, आणि ते आपल्या ध्यानात येत नाही. ते म्हणजे चौथे, मुसावादाचे. खोटे फक्त जिभेने बोलले जाते असे नाही. कोयोटच्या बिळातले मांस हे खोटे बोलणे आहे. "येथे अन्न आहे" एवढेच ते सांगते आणि "येथे मरण आहे" हे लपवते. तेही अशा जिवाला सांगते, ज्याला उलटून प्रश्न विचारता येत नाही. माणसाशी खोटे बोललो तर तो कधी तरी जाब विचारील. कोल्हा जाब विचारीत नाही.

शिवाय आमिषाला डोळे नसतात. ते कुणासाठी ठेवले आहे हे त्याला कळत नाही. डुकरासाठी दारू भरलेला गावठी गोळा ठेवला तर तो गाईच्याही जबड्यात फुटतो, कुत्र्याच्याही. मे २०२० मध्ये केरळातल्या पालक्काड जिल्ह्यात स्फोटके भरलेले फळ खाऊन एका गाभण हत्तिणीचे तोंड फाटले. वेदनेने ती पाण्यात सोंड बुडवून उभी राहिली आणि तशीच मेली. ते आमिष हत्तीसाठी ठेवलेले नव्हते, असे म्हणतात. मोटरसायकलच्या क्लचवायरचा फास हरणासाठी लावला जातो आणि त्यात बिबट अडकतो. डुकरासाठी कुंपणात सोडलेल्या विजेच्या जिवंत तारेने विदर्भात वाघ मेले आहेत आणि माणसेही मेली आहेत. पहाटे पाणी पाहायला गेलेला शेजारीसुद्धा त्या तारेला सावजच असतो. हेतू एकाला मारण्याचा होता, ही सबब मेलेल्या दुसऱ्याच्या घरी जाऊन सांगता येईल काय?

येथे कुणी तरी उठून म्हणेल, "गुरुजी, तुम्हाला महिन्याचा पगार आहे. आमच्या बांधीत या. रात्रभरात डुकरांचा कळप अर्धा एकर धान लोळवून जातो. कर्ज आमच्या डोक्यावर आहे. शील सांभाळू की पोरे सांभाळू?" हा आक्षेप खोटा नाही. उपाशी माणसाला शीलाचा उपदेश करणे सोपे असते, आणि आपला धम्म तसला उपदेश करणारा नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना एक भेद दाखवला आहे. मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा, हा तो भेद. तथागतांची अहिंसा हा आंधळा नियम नाही, ते तत्त्व आहे. नियम माणसाला बांधून टाकतो, तत्त्व त्याला विचार करायला लावते. सर्वांविषयी मैत्री इतकी वाढवा की कुणाला मारण्याची इच्छाच उरू नये, हा त्याचा गाभा. गरज पडली तर काय, हे त्या त्या प्रसंगी माणसाने विवेकाने ठरवायचे. परंतु, बंधूंनो, येथेच सावध राहा. इच्छा नेहमी गरजेचे कपडे घालून येते. धान वाचवायचे आहे हे कारण सांगून फास लावला जातो आणि सकाळी मांसाचे वाटे पडतात. मग पुढच्या फासाला धानाचे कारणही लागत नाही. गरज खरी आहे की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. दुसरा मार्ग निघाला तर आपल्याला आनंद होतो की वाईट वाटते? आनंद झाला तर ती गरज होती. वाईट वाटले तर ती इच्छा होती.

आणि दुसरे मार्ग आहेत. पिकाच्या नुकसानीची भरपाई वनखात्याकडून मिळते. अर्ज वेळेत करावा लागतो, पंचनामा करवून घ्यावा लागतो, पाठपुरावा करावा लागतो. जन-वन विकास योजनेतून जंगलालगतच्या गावांना सौर कुंपण मिळू शकते. त्या कुंपणाचा झटका जनावराला परतवतो, मारत नाही. चार घरांनी मिळून पाळीपाळीने मचाणावर जागणे, हा तर आपल्या बापजाद्यांचा मार्ग आहे. ज्याला अर्ज लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून देणे, हे आपल्यातल्या शिकलेल्या तरुणांचे काम आहे. "शिका, संघटित व्हा, संघर्ष करा" हा संदेश केवळ मोर्चासाठी नाही. तो भरपाईच्या अर्जासाठीही आहे. चार अर्ज मंजूर झाले, तर चार फास आपोआप उतरतील.

मग सर्वच आमिष वाईट का? नाही. येथे आणखी थोडे खोल जावे लागेल.

माणसाचा जीव धोक्यात असेल तर बिबटाला पकडण्यासाठी वनखाते पिंजरा लावते. आत जाळीच्या वेगळ्या कप्प्यात शेळी ठेवतात, जेणेकरून बिबट आत येईल पण शेळीला तोंड लावू शकणार नाही. येथे आमिष आहे, फसवणूक आहे, पण मारण्याची इच्छा नाही. तरीसुद्धा परिणाम तपासावे लागतातच. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात पिंजरे लावून पुष्कळ बिबटे पकडले आणि दुसरीकडे नेऊन सोडले. पुढे अभ्यासातून असे दिसले की माणसांवरचे हल्ले कमी न होता वर्षाला सरासरी ४ वरून १७ वर गेले. हेतू चांगला असला तरी डोळे उघडे ठेवावे लागतात. धम्मात करुणेबरोबर प्रज्ञा का लागते, ते यावरून कळते.

यवतमाळ जिल्ह्यातली अवनी वाघीण तुम्हाला आठवत असेल. पांढरकवडा आणि राळेगाव भागात १३ माणसांचे मृत्यू तिच्या नावावर मांडले गेले होते. २०१८ साली तिला शोधण्यासाठी मोठी मोहीम झाली. हत्ती आणले, ड्रोन उडवले, जनावरे बांधली. आणि केल्विन क्लाइन कंपनीचे ऑब्सेशन नावाचे महागडे अत्तरही शिंपडले. त्या अत्तरात जवादी मांजराच्या कस्तुरीसारखा वास देणारे द्रव्य असते. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात २००३ साली चित्त्यांसमोर २४ प्रकारची अत्तरे ठेवून पाहिली, तेव्हा याच अत्तराजवळ चित्ते सर्वांत अधिक वेळ रेंगाळले होते. माणसांनी माणसांना भुलवण्यासाठी केलेले अत्तर वाघिणीला भुलवण्यासाठी कामी आले! २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ती वाघीण गोळीने मारली गेली. तिच्यामागे दोन बछडे राहिले. तिला मारणे आवश्यक होते की नव्हते, यावर पुष्कळ वाद झाले. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांचे दुःख मी लहान करणार नाही. तेरा घरांत चूल थंडावली होती. त्या गावांतल्या बायाबापड्यांना शेतात जाण्याची भीती वाटत होती, हीसुद्धा खरी गरज होती. मला एवढेच दाखवायचे आहे की गरज जेव्हा खरी असते, तेव्हाही निर्णय न्यायालयात, उघडपणे, कारणे देऊन व्हावा लागतो. अंधारात ठेवलेल्या आमिषाला कुणीही कारण विचारत नाही.

आता एक उलट उदाहरण ऐका. कोल्ह्यांमुळे पिसाळरोग पसरतो. तो थांबवण्यासाठी पूर्वी युरोपात कोल्हे मारले जात. १९७८ साली स्वित्झर्लंडमध्ये शास्त्रज्ञांनी वेगळाच मार्ग काढला. कोल्ह्याला आवडणाऱ्या आमिषात लस भरली आणि ती आमिषे रानात टाकली. कोल्ह्यांनी ती खाल्ली, त्यांना रोगापासून संरक्षण मिळाले आणि माणसांनाही मिळाले. अमेरिकेत टेक्सास राज्यात १९९५ पासून कोयोटांसाठी हेच केले गेले. विमानातून आमिषे टाकली गेली. पाहा, प्राणी तोच, त्याची भूक तीच, त्याच्या नाकाची विद्याही तीच. एका हाताने त्या विद्येतून सापळा काढला, दुसऱ्या हाताने औषध काढले. म्हणून मी म्हणतो, दोष आमिषात नाही. ते ठेवणाऱ्याच्या चित्तात मैत्री आहे की लोभ आहे, आणि आमिष खाणाऱ्याचे शेवटी काय होते, हे दोन प्रश्न विचारा. उत्तर मिळेल.

आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. फास म्हटले की लोक चटकन एका जमातीकडे बोट दाखवतात. फासेपारधी हे नावच तसे आहे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का स्वतंत्र भारतात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायद्याने पुसला गेला, पण लोकांच्या मनातून पुसला गेला नाही. जन्मावरून दोषी ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याशिवाय अधिक कोण जाणतो? गावकुसाबाहेर ठेवलेल्या माणसाने दुसऱ्या गावकुसाबाहेरच्या माणसाकडे बोट दाखवू नये. फास हाताने लावला जातो, जातीने नाही. आणि वाघाच्या कातड्याचा पैसा फास लावणाऱ्या गरिबाच्या झोपडीत राहत नाही, तो दूरवरच्या शहरात जातो. त्या गरिबालाही कुणी तरी चार पैशांचे आमिष दाखवलेले असते.

येथून आपण दुसऱ्या बाजूला येतो. आतापर्यंत आपण आमिष ठेवणाऱ्याच्या जागी उभे होतो. आता सावजाच्या जागी उभे राहू.

पाली भाषेत आमिस हा शब्द आहे, तोच आपला आमिष. तथागतांनी भिक्खूंना सांगितले की माझ्या धम्माचे वारसदार व्हा, आमिषाचे वारसदार होऊ नका. मज्झिम निकायात निवापसुत्त नावाचे एक सुत्त आहे. पारध्याने हरणांसाठी चारा टाकला. पहिला कळप बेभान होऊन चरला आणि पकडला गेला. दुसऱ्याने चारा पूर्ण सोडला, रानात उपाशी राहिला, अशक्त झाला आणि शेवटी त्याच चाऱ्यावर परत आला. तिसरा जपून जवळ राहिला, तरी पारध्याने त्याचा ठावठिकाणा शोधलाच. चौथा कळप पारधी जेथे पोहोचू शकत नाही अशा ठिकाणी राहिला आणि वाचला. दुसऱ्या कळपाची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नुसत्या उपासाने, नुसत्या त्यागाने माणूस आमिषातून सुटत नाही. भूक शिल्लक आहे तोवर तो परत येतो. हाच तथागतांचा मध्यम मार्ग.

जातककथांतही अशी एक गोष्ट आहे. पुनर्जन्माची कल्पना बाजूला ठेवून ती बोधकथा म्हणून वाचा. शिकारी झाडावर लपून बसला आणि हरणापुढे फळे फेकू लागला. हरिण थबकले. झाडाचे फळ सरळ खाली पडते, आज ते माझ्यापुढे उडी मारून कसे येते आहे? एवढा एक प्रश्न त्याने विचारला आणि ते वाचले. दुसऱ्या एका जातकात राजाचा माळी गवताला मध लावतो आणि रानातले भित्रे हरिण त्या चवीमागे एकेक पाऊल टाकत थेट राजवाड्यात येते. दोन्ही हरणांना भूक होती. एकाने भुकेबरोबर बुद्धीही जागी ठेवली होती, एवढाच फरक.

बंधूंनो, आपल्या मुलांना हा प्रश्न विचारायला शिकवा. फळ स्वतःहून माझ्याकडे का चालत येते आहे? निवडणुकीच्या आदल्या रात्री वस्तीत दारू येते, तेव्हा हा प्रश्न विचारा. साखरपुड्यात मुलाकडचे लोक "आम्हाला काही नको" म्हणता म्हणता गाडीचा विषय काढतात, तेव्हा विचारा. पैसे दुप्पट करून देणारा पाहुणा घरी येऊन चहा पितो, तेव्हा विचारा. अंगात आणणारा बुवा फुकट अंगारा देतो, तेव्हाही विचारा. तितराचेही स्मरण ठेवा. त्याला दाण्याने नाही, अभिमानाने पकडले. "तुम्हीच खरे नेते" असे कानाशी कुणी म्हणू लागले, की पिंजऱ्यातला तितर ओरडतो आहे असे समजा.

आणि आपल्या धम्मदीक्षेकडे पाहा. बाबासाहेबांनी १९३५ साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेतली. मध्ये २१ वर्षे गेली. त्यांनी आपल्या लोकांना कोणते आमिष दाखवले? जमीन नाही, नोकरी नाही, पैसा नाही. उलट बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींच्या केंद्राच्या सवलतींना मुकावे लागले. त्या १९९० साली परत मिळाल्या. आपल्या आजोबा-आज्जींनी लाभ पाहून नव्हे, तोटा पत्करून धम्म घेतला. धम्माला एहिपस्सिको म्हणतात, म्हणजे ये आणि पाहा. आमिष म्हणते, ये, पण पाहू नकोस. या दोन हाकांतले अंतर ज्याला कळले, त्याला धम्म कळायला सुरुवात झाली.

म्हणून जी कुटुंबे नव्याने दीक्षा घेत आहेत त्यांना माझे एक कळकळीचे सांगणे आहे. आपल्या नातेवाइकांना, शेजाऱ्यांना धम्मात आणताना कसलेही आमिष दाखवू नका. लग्न जमवून देऊ, सवलत मिळवून देऊ, असे म्हणून कुणाला विहारात आणू नका. सापळे लावणारा आपला वास पुसून टाकतो. तुम्ही तसे करू नका. तुम्ही कोण आहात, तुमच्या घरात दारू बंद झाली की नाही, सुनेला सन्मान मिळतो की नाही, हे लोकांना दिसू द्या. तेवढे पाहून जो येईल तो टिकेल.

आणि ज्यांची शेती जंगलाला लागून आहे त्यांनी येत्या पौर्णिमेच्या आधी एकदा आपला धुरा फिरून यावे. आपला नसलेला, जुना, गंजलेला एखादा फास तेथे असेल तर तो सोडवून आणावा आणि वनरक्षकाच्या हवाली करावा. जिवंत तार असेल तर त्याच दिवशी ती काढायला लावावी. १९७० साली नागझिरा अभयारण्य झाले, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला आणि मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी नागझिऱ्यात आणून सोडल्या. त्या जंगलात काय जगते आणि काय मरते, हे वनखात्याइतकेच आपल्या धुऱ्यावर ठरते. बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे संरक्षण करण्याचीही प्रतिज्ञा आहे. पहिले शील न मारण्याचे आहे. ही प्रतिज्ञा त्याच्या एक पाऊल पुढे जाऊन सांभाळण्याचे सांगते.

तो आठवीतला मुलगा उत्तराची वाट पाहत उभा होता. मी त्याला एवढेच सांगितले, "डुक्कर आपल्या पायाने आलं हे खरं आहे. पण त्याला बोलावलं कोणी, ते तू घरी जाऊन विचार."

जयभीम. नमो बुद्धाय.